राऊल हिल्बर्ग यांची पस्तीस वर्षे: वंशसंहाराच्या अभ्यासात प्राध्यापकी करणे म्हणजे काय?

कऱ्हाकाठ

वंशसंहाराचा अभ्यास आज अमेरिका आणि युरोपातील अनेक विद्यापीठांत स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो. त्याची अध्यासने आहेत, नियतकालिके आहेत, पीएच.डी.चे कार्यक्रम आहेत. या विषयात कारकीर्द करावी का, असे विचारणारे तरुण वाचक या चर्चास्थळावर अधूनमधून येतात. त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा दोनच प्रकारची असतात: एक तर ‘फार थोर काम आहे’, नाही तर ‘नोकरी मिळणार नाही आणि मनही खचेल’. त्या कामाचे रोजचे स्वरूप काय असते, हे या दोन्ही उत्तरांतून कळत नाही. म्हणून ज्या माणसाच्या संशोधनावर हे क्षेत्र मोठ्या प्रमाणात उभे राहिले, त्या राऊल हिल्बर्ग यांच्या कारकिर्दीविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

हिल्बर्ग यांचा जन्म १९२६ मध्ये व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर पुढच्या वर्षी हे कुटुंब फ्रान्समार्गे क्युबाला निघाले, आणि तेरा वर्षांचे राऊल १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे महायुद्धाला तोंड फुटले त्याच दिवशी, फ्लोरिडात उतरले. पुढे ते अमेरिकी सैनिक म्हणून जर्मनीत गेले. म्युनिकमध्ये त्यांच्या तुकडीचा मुक्काम नाझी पक्षाच्या जुन्या कार्यालयात होता, आणि तिथे हिटलरच्या खासगी ग्रंथसंग्रहाच्या पेट्या त्यांच्या नजरेस पडल्या. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सर्वांनाच सांगायला आवडतो. मला मात्र त्यापेक्षा ब्रुकलिन कॉलेजातील हान्स रोझेनबर्ग यांची प्रशियाच्या नोकरशाहीवरील व्याख्याने अधिक निर्णायक वाटतात. राज्ययंत्रणा एखादे काम टप्प्याटप्प्याने, टिपणावर टिपण चढवत आणि सहीवर सही घेत कसे तडीस नेते, हे पाहण्याची दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी फ्रान्झ न्यूमन यांच्याकडे प्रबंधाचा विषय मांडला: युरोपातील ज्यूंचा विनाश, आणि तोही मारणाऱ्यांच्या कागदपत्रांतून. न्यूमन स्वतः जर्मनीतून परागंदा झालेले होते आणि नाझी राज्ययंत्रणेचे मोठे जाणकार होते. त्यांनी होकार दिला, पण हे आपल्या हाताने आपलेच सरण रचणे आहे, अशा अर्थाचा इशाराही दिला. तो इशारा व्यावहारिक होता. १९५० च्या सुमारास पश्चिम जर्मनी हा शीतयुद्धातील मित्र ठरू लागला होता; या विषयाला ना वाचक होता, ना अनुदान, ना प्राध्यापकाची जागा.

त्याच सुमारास हिल्बर्ग यांना व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे पाणतीर (टॉर्पेडो) बनवण्याच्या जुन्या कारखान्यात ठेवलेल्या जप्त जर्मन कागदपत्रांवर काम करण्याची संधी मिळाली. तिथले कागद पाने मोजून नव्हे, तर फळीची लांबी मोजून सांगितले जात, आणि ती लांबी हजारो फूट भरत असे. १९५५ मध्ये प्रबंध पूर्ण झाला, त्याला विद्यापीठाचे पारितोषिकही मिळाले. १९५६ च्या जानेवारीत ते कॅनडाच्या सीमेजवळच्या बर्लिंग्टन गावी व्हर्मॉन्ट विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायला गेले आणि १९९१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले.

पुस्तकाची कथा त्याहून कठीण आहे. १९५८ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने सहप्रकाशनाला नकार दिला. पुस्तकाची भिस्त जवळजवळ सर्वस्वी जर्मन साधनांवर आहे आणि ज्यूंच्या प्रतिकाराविषयीचे त्यातील मत मान्य होण्यासारखे नाही, ही तिची कारणे होती. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनेही ते नाकारले आणि तसा अभिप्राय राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी दिला होता. अखेर फ्रँक पेटशेक नावाच्या एका ज्यू निर्वासिताने खर्चाचा मोठा वाटा उचलल्यावर १९६१ मध्ये शिकागोच्या क्वाड्रँगल बुक्स या लहान प्रकाशनाने ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द युरोपियन ज्यूज’ छापले. जर्मन अनुवादाला १९८२ उजाडले, आणि तोही बर्लिनमधील एका छोट्या प्रकाशनाकडून आला.

या विषयाचा पायाभूत ग्रंथ लिहिणाऱ्या या प्राध्यापकाने आपल्याच विद्यापीठात होलोकॉस्टवरील, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरील, अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात केली ती १९७४ मध्ये. तोवर ते आंतरराष्ट्रीय संबंध आणि अमेरिकेचे परराष्ट्र धोरण शिकवत होते.

आता मुद्द्यावर येतो. हिल्बर्ग यांनी ‘का?’ हा प्रश्न जाणूनबुजून बाजूला ठेवला आणि ‘कसे?’ या प्रश्नाला आयुष्य दिले. आधी कायद्याने व्याख्या, मग मालमत्तेची जप्ती, मग लोकांना एका ठिकाणी कोंडणे आणि शेवटी हत्या, असा क्रम त्यांनी मांडला. प्रत्येक पायरीवर काम करणारी खाती वेगळी आणि माणसे साधी. जर्मन रेल्वेविषयीचे त्यांचे संशोधन पाहावे. मृत्युछावण्यांकडे नेल्या जाणाऱ्या लोकांचे भाडे रेल्वे तिसऱ्या वर्गाच्या दराने, किलोमीटरला चार फेनिग (जर्मन पैसे) याप्रमाणे आकारत असे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट होते, चार वर्षांखालील मुले फुकट होती आणि चारशे किंवा अधिक माणसे असली की सवलत मिळत असे. पहारेकऱ्यांचे भाडे जाण्यायेण्याचे, बाकीच्यांचे एकाच बाजूचे. संताप माणसाला या विषयाच्या दारापर्यंत आणू शकतो. पण हे दरपत्रक सापडते ते रेल्वेच्या हिशेबाच्या नोंदी वर्षानुवर्षे वाचणाऱ्याला. ज्याला अशा रुक्ष कागदांचा कंटाळा येतो, त्याने या विषयावर अवश्य वाचावे, परंतु त्यात प्राध्यापकी करण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत आहे.

शब्दवेध

लेख उत्तम आहे, पण शेवटचा निष्कर्ष मला एकांगी वाटतो. मारणाऱ्याच्या कार्यालयातील कागद मारणाऱ्याच्या सोयीनेच तयार झालेला असतो. मरणाऱ्यांनीही कागद तयार केले होते, आणि ते जिवावर उदार होऊन केले होते. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रे, रोजनिशा, रेशनच्या चिठ्ठ्या आणि निबंध जमवून ते सारे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. त्यांतील एक भाग १९४६ मध्ये आणि दुसरा १९५० मध्ये सापडला. पोलंडमध्ये फिलिप फ्रीडमन यांच्या नेतृत्वाखालील ज्यू इतिहास आयोगाने १९४४ पासून वाचलेल्यांच्या हजारो साक्षी नोंदवल्या. हे सर्व विद्यापीठांच्या बाहेर घडले आणि विद्यापीठांनी त्याकडे कित्येक वर्षे ढुंकूनही पाहिले नाही.

क्रिस्टोफर ब्राउनिंग हे स्वतः हिल्बर्ग यांच्याच वाटेने आलेले, म्हणजे गुन्हेगारांच्या कागदांवर काम करणारे इतिहासकार. पोलंडमधील स्टाराखोवित्से येथील जर्मन सुरक्षा पोलिसांचा प्रमुख वाल्टर बेकर याच्यावर हॅम्बुर्गमध्ये खटला चालला. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्या गावातील सुमारे ४,००० ज्यूंना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवले गेले होते. अनेक साक्षीदारांनी बेकरला ओळखले, तरी न्यायालयाने त्यांच्या साक्षी अविश्वसनीय ठरवून १९७२ मध्ये त्याला निर्दोष सोडले. ब्राउनिंग यांनी तो निकाल वाचला आणि अखेर तिथल्या ज्यूंच्या सक्तमजुरीच्या छावण्यांचा इतिहास २९२ वाचलेल्यांच्या साक्षींवरून लिहिला. त्या छावण्यांविषयी जर्मन कागद जवळजवळ उरलेलेच नाहीत. हिल्बर्ग यांच्याच पद्धतीवर अडून बसलो असतो, तर स्टाराखोवित्सेला इतिहासच मिळाला नसता.

कऱ्हाकाठ

शब्दवेध, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो हिल्बर्ग यांच्या हयातीतही घेतला गेला होता. पण दोन गोष्टी नोंदवतो. वॉर्सा घेट्टोच्या, नाझींनी नेमायला लावलेल्या ज्यू परिषदेचे अध्यक्ष आडाम चेर्नियाकुव्ह यांची रोजनिशी इंग्रजीत संपादित करणाऱ्यांत हिल्बर्ग स्वतः होते (१९७९), म्हणजे पीडितांच्या लेखनाला त्यांनी हातच लावला नाही असे म्हणता येणार नाही. दुसरे असे की, ब्राउनिंग यांनी त्या २९२ साक्षी ज्या रीतीने वापरल्या, म्हणजे एकमेकींशी ताडून, कोणती केव्हा दिली हे पाहून, कुठे ऐकीव गोष्ट मिसळली हे वेगळे काढून, ती चिकाटी कागद वाचणाऱ्याचीच आहे. साधन बदलले, काम करण्याची शिस्त तीच राहिली. तरीही साक्षींचे मोल ओळखायला माझ्या या नायकाने उशीर केला, हे मान्य करायला हवे.

तळटीप

मी कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. या क्षेत्राचा उगम प्राध्यापकांच्या आधी एका वकिलापाशी जातो. राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये वॉशिंग्टनहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या गुन्ह्याची संकल्पना मांडली. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला, त्यामागे त्यांची एकाकी धडपड होती. ड्यूक आणि येल येथे त्यांनी शिकवले, परंतु स्थिर अशी प्राध्यापकी त्यांना कधीच लाभली नाही, आणि २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारले. योगायोग असा की, त्याच्या आदल्याच दिवशी, २७ ऑगस्ट १९५९ रोजी, भारताने या करारास अनुसमर्थन (औपचारिक मान्यता) दिले. अमेरिकेला त्यासाठी १९८८ पर्यंत वेळ लागला.

मात्र अनुसमर्थन देऊनही आपण देशांतर्गत कायदा केला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाशी संबंधित सज्जन कुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना हे स्पष्टपणे नोंदवले की, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात अंतर्भूत नाहीत आणि ही उणीव तातडीने भरून काढायला हवी. कायद्याच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी हा विषय अगदी दारात आहे. त्यासाठी पोलिश शिकावी लागत नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात या विषयाच्या पदवी अभ्यासक्रमाला सहायक शिक्षक म्हणून काम केले आहे. शिकवण्याविषयी इथे कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या तासाला येणारी मुले बहुधा छायाचित्रांच्या अपेक्षेने येतात. प्रेतांचे ढीग त्यांनी आधीच पडद्यावर पाहिलेले असतात. आणखी पाहून त्यांना काही नवे कळत नाही, आणि काहींची तर नजर मरते. म्हणून आमचे प्राध्यापक सुरुवात हिल्बर्ग यांनी प्रसिद्ध केलेल्या एका कागदाने करत. तो जर्मन रेल्वेचा १९४२ मधील वेळापत्रकाचा आदेश आहे, क्रमांक ५८७. वाटेतल्या लहान स्थानकांना पाठवलेला. त्यावर ‘गुप्त’ असा शिक्का नाही, केवळ ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ एवढेच लिहिलेले आहे. गाडी त्रेब्लिंकाला भरलेली जाते आणि रिकामी परतते, पुन्हा दुसऱ्या गावाहून भरून निघते, पुन्हा रिकामी परतते. विद्यार्थ्यांना सांगितले जाई की, या कागदातून जेवढे सिद्ध होते तेवढेच लिहा. अर्ध्या तासात वर्ग शांत होई, आणि मग प्रश्न येत: हा आदेश किती लोकांच्या टेबलांवरून गेला असेल, स्टेशनमास्तरला काय कळले असेल, रिकाम्या डब्यांचा हिशेब कोण ठेवत होते. या प्रश्नांतून पुढचे संपूर्ण सत्र उभे राहते.

निबंध तपासताना सर्वांत अवघड जाते ते वक्तृत्व छाटणे. ‘मानवतेला काळिमा’ असे लिहिणाऱ्या मुलाला गुण कमी देताना हात थबकतो, कारण त्याच्या भावनेत खोट नसते. पण त्या वाक्याने त्याला अभ्यास केल्याचा आभास मिळालेला असतो, आणि तो मोडावाच लागतो. मन खचते का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र माझ्या बाबतीत ते ग्रंथालयात बसून वाचताना कमी आणि एखाद्या विद्यार्थ्याने तासानंतर येऊन स्वतःच्या आजीची हकिकत सांगितली की अधिक होत असे.

शब्दवेध

दूरदेशी, वक्तृत्व छाटण्याविषयीचे आपले म्हणणे आपल्याकडच्या इतिहासाच्या प्रत्येक वर्गात लावायला हवे. वाचनखूण साठवली आहे.

पाथरवट

या क्षेत्रातील राजकारणाचा विषय टाळून कारकिर्दीची चर्चा पूर्ण होत नाही. १९८२ मध्ये इस्राएल चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल अवीवला होलोकॉस्ट आणि इतर वंशसंहारांवर एकत्रित परिषद भरवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या संहारावरील निबंध वगळावेत म्हणून तुर्कस्तानने दबाव आणला, इस्राएलच्या परराष्ट्र खात्याने तो पुढे रेटला, आणि अनेक मोठ्या नावांनी माघार घेतली. परिषद तरीही झाली. त्याच वळणावर इतर संहारांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांना आपण एका क्षेत्राचे आहोत याची जाणीव झाली, असे म्हणायला हरकत नाही. १९९४ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली.

तानेर आक्चाम यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. तुर्कस्तानात विद्यार्थी चळवळीच्या नियतकालिकामुळे त्यांना जवळपास नऊ वर्षांची शिक्षा झाली; १९७७ मध्ये ते अंकाराच्या तुरुंगातून निसटून जर्मनीला गेले. पुढे आर्मेनियन संहारावर उघडपणे लिहिणाऱ्या पहिल्या तुर्की अभ्यासकांपैकी ते एक झाले आणि अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात त्या विषयाच्या अध्यासनावर बसले. फेब्रुवारी २००७ मध्ये माँट्रियल विमानतळावर त्यांना काही तास अडकवून ठेवण्यात आले, कारण कोणीतरी विकिपीडियावरील त्यांच्या लेखात त्यांना दहशतवादी ठरवले होते आणि अधिकाऱ्यांच्या हातात त्याच पानाची प्रत होती.

आणि हे केवळ जुन्या काळात घडत होते असे नाही. जून २०२४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने होलोकॉस्ट आणि वंशसंहार अभ्यास केंद्राच्या संचालकपदासाठी एका इस्राएली इतिहासकाराला दिलेला प्रस्ताव मागे घेतला. गाझातील युद्धाविषयी त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जे लिहिले होते, त्यावरून केंद्राच्या सल्लागार मंडळातील दोघांनी राजीनामे दिले होते. ऐंशी वर्षांपूर्वीच्या संहारावर बोलणाऱ्याला अध्यासन मिळते. चालू घटनेवर तीच कसोटी लावणाऱ्याला काय मिळेल, ते त्या वेळच्या देणगीदारांवर आणि सरकारवर ठरते. कऱ्हाकाठ, आपल्या लेखातील रुक्ष कागद वाचणारा प्राध्यापक या वादळातून सुटत नाही.

कऱ्हाकाठ

सुटत नाही, हे खरे. हिल्बर्ग यांनाही १९८५ मध्ये टोरांटोत होलोकॉस्ट नाकारणाऱ्या एका प्रकाशकाविरुद्ध सरकार पक्षातर्फे साक्ष द्यावी लागली, आणि उलटतपासणीत त्यांच्या ग्रंथातील एकेका वाक्याचा आधार विचारला गेला. मृतांची त्यांची संख्या ५१ लाख आहे, म्हणजे सर्वतोमुखी असलेल्या ६० लाखांहून कमी. कागदांतून जेवढे निघाले तेवढेच त्यांनी लिहिले होते, आणि त्यासाठी आपल्याच लोकांची नाराजी पत्करली होती. राजकीय दबावाखाली अभ्यासकाच्या हाती तेवढीच ढाल असते. ती नेहमी पुरते, असा माझा दावा नाही.

केवडा

मी पुण्यात इतिहासात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या धाग्याचा विषय मला प्रत्यक्ष लागू आहे. आपल्याकडे हा विषय दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात दोन पानांत उरकला जातो. पीएच.डी.साठी बाहेर जायचे असल्यास कोणत्या संहारावर काम करावे? होलोकॉस्टवर इतके लिहून झाले आहे की, भारतातून जाणाऱ्या मुलीने त्यात काय नवे करायचे, असे वाटते. आणि विद्यापीठात जागा मिळाली नाही तर पुढे काय?

पाथरवट

केवडाताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ॲलिसन डेस फोर्जेस यांच्या आयुष्यात आहे. त्यांनी १९७२ मध्ये येल येथून रवांडाच्या इतिहासावर डॉक्टरेट घेतली. पुढे त्यांचे मुख्य काम ह्यूमन राइट्स वॉचसाठी झाले. १९९४ च्या संहाराचा त्यांनी लिहिलेला वृत्तांत १९९९ मध्ये आला, आणि रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे अकरा खटल्यांत त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. न्यायाधिकरणे, दस्तऐवज केंद्रे, संग्रहालये या सर्व ठिकाणी प्रशिक्षित इतिहासकार लागतो. नोम पेन्हमधील कंबोडियाचे दस्तऐवज केंद्रही येल विद्यापीठाच्या प्रकल्पाची शाखा म्हणून १९९५ मध्ये सुरू झाले आणि पुढे स्वतंत्र झाले. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियावर राज्य करणाऱ्या ख्मेर रूजच्या नेत्यांवरील खटल्यांत तिथले कागद पुरावा म्हणून वापरले गेले.

कऱ्हाकाठ

केवडा, विषय निवडताना आधी भाषा निवडावी. आर्मेनियन संहाराचे सरकारी कागद ऑटोमन तुर्कीत आहेत; ती अरबी लिपीत लिहिली जात असे आणि १९२८ नंतर तुर्कस्तानने रोमन लिपी घेतली. त्यामुळे आज तुर्की बोलणाऱ्या पदवीधरालाही आपल्या पणजोबांच्या काळातील सरकारी तार थेट वाचता येत नाही. पेशवे दफ्तरासमोर बसलेल्या, मोडी न येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची जी गत होते, तीच त्याची होते. आपण मोडी शिकला असाल, तर अपरिचित वळणाचे अक्षर लावण्याचा सराव आपल्यापाशी आहे आणि अर्जात तो ठळकपणे लिहावा.

मला विचाराल तर १९७१ चा पूर्व पाकिस्तान घ्यावा. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्य ढाका विद्यापीठात शिरले, जगन्नाथ हॉलमधील विद्यार्थी मारले गेले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गोविंदचंद्र देव मारले गेले आणि इंग्रजीचे ज्योतिर्मय गुहठाकुरता जखमी होऊन काही दिवसांनी वारले. डिसेंबरमध्ये शरणागतीच्या तोंडावर पुन्हा प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार वेचून नेले. मृतांची संख्या बांगलादेशात अधिकृतपणे ३० लाख मानली जाते, तर इतर अंदाज काही लाखांपर्यंत खाली येतात. या वादात बसून काम करण्याजोगे पुष्कळ आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाचा १९७२ चा अहवाल, ढाक्यातील १९९६ मध्ये स्थापन झालेले मुक्तियुद्ध संग्रहालय आणि भारतात आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांच्या व्यवस्थेचे सरकारी कागद, ही सुरुवातीची साधने आहेत. बंगाली आपल्याला दीड-दोन वर्षांत वाचता येईल, उर्दूला थोडा अधिक वेळ द्या.

प्रस्तावात ‘१९७१ चा वंशसंहार’ असा शीर्षकभर पसरलेला विषय देऊ नका. एक जिल्हा, एक खाते आणि नऊ महिने एवढी चौकट घ्या: उदाहरणार्थ, खुलना जिल्ह्यातील रझाकारांची (पाकिस्तानी सैन्याला साथ देणाऱ्या स्थानिक सशस्त्र दलाची) भरती, त्यांचे वेतन आणि त्यांना आदेश देणारे अधिकारी. क्लार्कसारख्या ठिकाणी, जिथे या विषयाचा स्वतंत्र डॉक्टरेट कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, निवड समिती प्रथम हेच पाहते की, अर्जदाराला आपले कागद कुठे आहेत आणि ते कोणत्या भाषेत आहेत हे ठाऊक आहे का. मसुदा तयार झाला की इथेच टाका. तळटीप यांनी त्यातील कायद्याचा भाग पाहावा, अशी त्यांना विनंती करतो.

तळटीप

अवश्य पाहीन. केवडा, मसुद्यात बांगलादेशाचा आंतरराष्ट्रीय गुन्हे (न्यायाधिकरणे) कायदा, १९७३ याचा उल्लेख हवाच. त्या कायद्याखाली न्यायाधिकरण २०१० मध्ये बसले आणि तिथल्या कार्यवाहीवर गंभीर आक्षेपही घेतले गेले, म्हणून त्यातील साक्षी वापरताना कोणती साक्ष कोणत्या परिस्थितीत नोंदवली गेली याचे वेगळे टिपण ठेवा. शब्दवेध यांनी वर हॅम्बुर्गच्या निकालाचा जो दाखला दिला आहे, त्याची दुसरी बाजू आपल्याला इथे सापडेल.